तुमाले बत्तीसच पुरते

माझ्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर बत्तीस बिटची सिस्टीम आहे. अकोल्यात आता अशी जुनी सिस्टीम कोणी ठेवत नाही, सगळ्यांची चौसष्टची. लग्नाची पत्रिका टाकायला येणारी पोरं माझ्या मागं उभी राहून स्क्रीनवर पाहतात अन् हसतात. परवा एक जण म्हणाला, "काका, प्रोसेसर चौसष्टचा अन् सिस्टीम बत्तीसची? ट्रकले सायकलची चाकं लावली का?" मी त्याला म्हटलं, नवरदेवाच्या आजोबाचं नाव सांग, ते राहिलं आहे. त्यानं नाव सांगितलं. मी टाइप केलं. एवढंच बोलणं झालं.

पण ती बत्तीस तिथं कशी आली, हे लिहून ठेवायचं आहे. मी चौथी शिकलो आहे. आधीच सांगतो, म्हणजे पुढं कोणी माझं शुद्धलेखन काढत बसू नये. अन् काढलंच तर आधी आपलं तपासावं. मी पन्नास वर्षं दुसऱ्यांचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आहे, त्यात मास्तर होते, वकील होते, एक तर प्राचार्य होते.

आम्ही भातकुलीकडचे. दोघं भाऊ. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो सहावीत अन् मी चौथीत असताना बापानं ठरवलं की दोघांचं शिक्षण होणार नाही. बाप मजुरीला जायचा, त्याच्या हातात जेवढं होतं तेवढ्याचा त्यानं विचार केला. ओट्यावर बसून मायला म्हणाला, "मोठा हुशार हाय, त्याले शिकवू. लहान्याले चौथी पुरते." मी तिथंच होतो, चुलीसाठी काड्या मोडत. मला कोणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मावशीच्या नवऱ्यानं मला अकोल्याला आणून एका छापखान्यात लावून दिलं. दादा मॅट्रिक झाला, पाटबंधारे खात्यात लागला, अन् गाणी लिहू लागला.

खिळे जुळवायला मला कोणी शिकवलं नाही, पाहून शिकलो. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावं तसं. सहा महिन्यांत मी उलटं वाचू लागलो, अन् वर्षभरात अशी वेळ आली की सरळ छापलेलं वाचायला मला जास्त वेळ लागायचा. मालक गिऱ्हाइकांना दाखवायला मला बोलवायचा. "याले वाचून दाखवा म्हना, उलटं." मी वाचून दाखवायचो. लोक हसायचे, पण त्या हसण्यात मान होता, असं मला तेव्हा वाटायचं. मालक थकल्यावर त्याची पायानं चालवायची छपाईची ट्रेडल मशीन अन् खिळ्यांच्या पेट्या माझ्याकडेच आल्या. पुढं कॉम्प्युटर आले. मी पन्नाशीच्या आसपास होतो. ट्रेडल मोडीत गेली, खिळे भंगारवाल्यानं पोत्यात भरून नेले. मीच भरायला मदत केली. त्या जागी कॉम्प्युटर आला, अन् त्यात मराठी अक्षरांचं एक सॉफ्टवेअर.

त्या सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. त्याची अक्षरं सुरेख होती, जोडाक्षरं खिळ्यासारखी घट्ट बसायची. पण ते चालवायचं तर कॉम्प्युटरच्या मागं बोटाच्या पेराएवढी एक कांडी लावावी लागायची. तिला डोंगल म्हणतात. कुलपाला किल्ली तशी ती. कांडी लावली की तिच्यावर लाल दिवा लागतो अन् मग सॉफ्टवेअर उघडतं. ज्यांनी ते बनवलं त्यांचं दुकान कधीच बंद झालं. ती कांडी गेली तर दुसरी मिळायची नाही, म्हणून मी तिला दोरा बांधून ठेवला होता.

दादाची गाणी मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये जुळवली. गावोगावच्या जयंतीत दादा चाळीस वर्षं गायला. त्याच्या पेटीवाल्याचा अन् त्याचा आवाज एकत्र लागला की विहारासमोरची बायामाणसं जागची हलायची नाहीत, हे मी भाऊ म्हणून नाही सांगत. गाणी त्यानं वह्यांत लिहिली होती, शाईच्या पेनानं, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात. ते अक्षर त्याच्या पोरीलाही लागत नव्हतं. मला लागायचं. दोन हिवाळे मी ती गाणी टाइप करत होतो, एकशे अकरा गाणी. पहिल्या चाळीस पानांचं प्रूफ काढून दादाला पाठवलंही होतं. त्यानं ते लाल पेनानं तपासून परत केलं. दुसऱ्या कोणाच्या तपासण्यावर त्याचा विश्वास नव्हता. तरुणपणी एकानं त्याचं गाणं चुका घालून छापलं होतं, अन् वर दुसऱ्याचं नाव. तेव्हापासून तो म्हणायचा, "माह्यं पुस्तक मी माह्या डोळ्यानं वाचीन अन् मंगच छापाले देईन."

डोळ्यानं म्हणायचा अन् डोळेच गेले. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचं पाहणं बाजूबाजूनं मिटत आलं होतं, नळीतून पाहावं तसं. अमरावतीच्या डॉक्टरनं सांगितलं, थेंब टाकत राहा, दाब वाढला तर आहे तेही जाईल, केव्हा जाईल सांगता येत नाही. हे त्या वर्षीची जयंती झाल्यावर लगेच झालं. दादानं मला फोन केला.

"पुढच्या जयंतीपर्यंत नोको थांबू. मले दिसते तवर दे."

"देतो ना," मी म्हटलं. "राहिलं काय आता? प्रूफ काढायचं फक्त."

मग मे महिना आला. अकोल्याचा मे ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. कूलर चोवीस तास चालू. एक दिवस कूलरची पाण्याची नळी सुटली अन् खाली कोपऱ्यात ठेवलेल्या दादाच्या वह्या भिजल्या. मी त्या तिथं ठेवल्या होत्या, मीच. शाई उतरून पानंच्या पानं निळी झाली. उन्हात वाळवली, पण वाचण्यासारखं काही राहिलं नाही. मी मनाला समजावलं, टाइप तर झालंच आहे. आठ दिवसांनी कॉम्प्युटर जळाला. मदरबोर्ड गेला म्हणाले. फायली मी पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल मला होती. म्हणजे गाणी त्या पेनड्राइव्हवर होती, अन् प्रूफाची ती चाळीस पानं सोडली तर दुसरीकडे कुठंच नव्हती.

मी दुसरा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. हे दादाच्या पोरीला कळलं. ती अमरावतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं फोन केला.

"काकाजी, नवीन मशीन घेऊन राहिले म्हने?"

"हाव."

"मंग एक गोष्ट ध्यानात ठेवजा. सिस्टीम टाकतानी बत्तीस बिटचीच टाकाले सांगजा. चौसष्टची नोका टाकू. तुमाले बत्तीसच पुरते."

माझ्या कानात दुसरं काही शिरलंच नाही. ओटा दिसला, काड्या दिसल्या.

"कावून? चौसष्ट का फक्त शिकलेल्यायसाठी असते?"

"तसं नाई जी. तुमचं सॉफ्टवेअर जुनं हाय, त्याचं ते डोंगल..."

"माह्या सॉफ्टवेअरचं मले समजते बाई. तू जन्मली नव्हती तवापासून अक्षरं जुळवून राहिलो मी." अन् फोन ठेवला.

ती काय सांगणार होती ते मी ऐकून घेतलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

दुकान टॉवर चौकाच्या बाजूला होतं. कॉम्प्युटर पसंत केला. त्याच्यावर प्रोसेसरचं चकचकीत लेबल होतं. दुकानातला माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, चांगल्या वयाचा, मशीन उघडून बसला अन् त्यानं विचारलं, "बत्तीस टाकू का चौसष्ट?"

"प्रोसेसर कितीचा हाय?"

"चौसष्टचा. पण त्याच्यावर दोन्ही चालतात. तुमी जुनं काही चालवता का? जुना प्रिंटर, स्कॅनर, मराठीचं काही?"

त्यानं नीट विचारलं होतं. हे मी कबूल करतो. त्याचं काम त्यानं चोख केलं. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती अन् माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "तुमी इचारून राहिले का टाकून राहिले? चौसष्टचा प्रोसेसर घेऊन बत्तीसची सिस्टीम टाकाले मी का येडा दिसतो? चौसष्ट टाका."

बाकावरचे हसले. त्या माणसानं चष्मा खाली ओढला अन् चौसष्ट टाकली. घरी येताना ऑटोत मी मांडीवर मशीन धरून बसलो होतो, अन् खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

प्रेसमध्ये आणून मशीन लावली. कांडी मागं खोचली. दिवा लागला नाही. दुसऱ्या भोकात लावली, तिथंही नाही. सॉफ्टवेअरची सीडी घातली तर इंग्रजीत एक चौकोन आला. मी एकेक अक्षर लावत तो वाचला, अर्थ कळला नाही. 'नाही' एवढं कळलं. मग दादाची फाइल तशीच उघडून पाहिली. गाण्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, खुणा, टिंबं, नुसता किड्यांचा पसारा. एकशे अकरा गाणी, अन् वाचता येईल असा एक शब्द नाही. उलटं वाचणारा मी, मला ते उलटंही लागेना.

दोन दिवसांनी दादाचा फोन.

"प्रूफ कवा पाठोतं?"

"चालू हाय," मी म्हटलं. "मशीन नवीन हाय ना, बसाले टाइम लागते."

त्यानंतरचे पाच महिने मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. पेनड्राइव्ह खिशात घालून मी दुकानं फिरलो. एक म्हणाला, कांडी मेली. दुसरा म्हणाला, फाइलच खराब झाली. अमरावतीला राजकमल चौकात एक टायपिंगवाला होता, त्यानं ती अक्षरं नव्या मराठी अक्षरांत फिरवून पाहिली. अर्धीमुर्धी आली, पण सगळी जोडाक्षरं तुटलेली, काने वेलांट्या भलतीकडे. 'धम्म'चं भलतंच काही झालेलं. मी ते पान तिथंच फाडलं. तो म्हणाला, "बुवा, पुन्हा टाइप करून घ्या." कशावरून करू? वह्या निळ्या झालेल्या. त्याच चौकातून अर्ध्या तासावर पुतणी राहते. मी एसटी धरून अकोल्याला परत आलो.

चौसष्टवर जुनी कांडी चालत नाही, हे कारण एकदाही माझ्या मनात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आलं होतं. पहिल्याच आठवड्यात आलं. "त्याचं ते डोंगल" एवढं तर तिनं फोनवर म्हटलंच होतं. पण ते खरं मानलं तर तिला फोन करावा लागत होता. मी ते बाजूला सारलं अन् कांडीला दोष देत राहिलो.

मधे धम्मदीक्षेचा दिवस आला. गावच्या विहारात सगळे जमले, मीही गेलो. दादा पांढऱ्या कपड्यात पुढं बसला होता. मी जवळ गेलो तर त्यानं मान वाकडी करून मला शोधलं, मग त्याला मी सापडलो.

"पुस्तक?"

"प्रेसवर हाय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. बाजूच्या माणसाला अभिमानानं सांगितलं, "माह्या भावाच्या हातचं हाय. एक काना चुकायचा नाई." मी खीर न खाताच उठलो.

दिवाळीनंतर दादा स्वतः अकोल्याला आला. पोरगी सोबत होती. न कळवता आले. प्रेसच्या दारात उभा राहून म्हणाला, "चाल, दाखव." माझ्या टेबलावर एका पत्रिकेचं काम पसरलेलं होतं, तेही दुसऱ्याकडून टाइप करून आणलेलं. पोरीनं ते पाहिलं. ती सरळ कॉम्प्युटरपुढे बसली. दोन-तीनदा टकटक केलं असेल नसेल. एक पान उघडलं अन् बोट ठेवलं. सिस्टीमच्या प्रकारापुढे लिहिलं होतं, चौसष्ट बिट.

"काकाजी, मी सांगतलं होतं."

"त्या दुकानवाल्यानं टाकलं," मी म्हटलं. "मी बत्तीसच सांगतलं होतं."

एवढं म्हणून मी तिच्याकडे पाहिलंही. तिनं मला समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. चौसष्टच्या प्रोसेसरवर बत्तीसची सिस्टीम चालते. पण सिस्टीम चौसष्टची असली तर बत्तीसच्या काळातल्या कांडीशी तिची ओळख पटत नाही, ओळख पटवून देणारं जे लागतं ते कोणी तिच्यासाठी बनवलंच नाही. फाइल खराब नाही, कांडीही मेली नाही. बत्तीस टाकली की सगळं जागेवर येईल. हां, मशीनमधली अर्ध्याहून जास्त मेमरी वापरात येणार नाही. "पण तुमच्या कामाले तेवढीच..." ती मधेच थांबली. तो शब्द तिनं गिळला. म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते तिला समजलं होतं.

ती बोलत होती तेव्हा मला आमच्या जुन्या मालकाची आठवण येत होती. त्यानं एकदा हौसेनं मोठी ट्रेडल आणली होती. आमच्या जुन्या लोखंडी चौकटी, ज्यांत खिळे आवळून बसवायचे, त्या तिच्यात बसेनात. आवळलेली पानंच्या पानं पडून राहिली. मशीन मोठी, पण आमच्या कामाची नाही. मालकाला मी पाठीमागं किती हसलो होतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्याच धंद्यातलं होतं.

"मी टाकून देते आत्ताच," पोरगी म्हणाली. "पेनड्राइव्हवर घेऊन आली मी बत्तीसची."

घेऊनच आली होती. म्हणजे अमरावतीहून निघतानाच तिला माहीत होतं. अन् मी म्हटलं, "माह्या मशीनले हात नोको लावू. मी दुकानवाल्याकडूनच करून घेईन. त्याची चूक हाय, त्यानंच निस्तरावी."

दादा स्टुलावर बसला होता. तो म्हणाला, "जाऊ दे. पहिली चाळीस पानं तरी हायेत का?" मी त्याचं जुनं प्रूफ काढून दिलं. त्यानं पान डोळ्याच्या अगदी बाजूला धरलं, कोंबडी दाण्याकडे पाहते तशी मान फिरवली, अन् एक ओळ वाचली. मग पान सरकवून पुढचा शब्द शोधला. एक कडवं वाचायला त्याला एवढा वेळ लागला की माझा चहा थंड झाला. कडवं संपल्यावर त्यानं पान दुमडून खिशात ठेवलं.

"लवकर कर," एवढंच म्हणाला.

मी पुढचे आठ दिवस दुकानात गेलो नाही. का गेलो नाही ते विचारू नका. रोज सकाळी जायचं ठरवायचो अन् बाकावरचे हसणारे आठवायचे.

नवव्या दिवशी मशीन मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. तोच माणूस होता, चष्मा कपाळावर. त्यानं मला ओळखलं.

"काय झालं काका, चालत नाही?"

"बत्तीस टाका," मी म्हटलं.

"पण मेमरी वाया जाईल ना तुमची."

"जाऊ द्या. जुनं सॉफ्टवेअर हाय माह्यं. तुमी इचारलं होतं, मी सांगतलं नाई."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "आधी सांगतलं असतं तर..." असं काही पुटपुटला अन् कामाला लागला. बाकावर त्या दिवशी कोणी नव्हतं.

प्रेसमध्ये येऊन कांडी लावली. लाल दिवा लागला. दादाची फाइल उघडली अन् एकशे अकरा गाणी जशीच्या तशी समोर आली, काना मात्रा वेलांटी, सगळं. दिवा लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी खुर्चीत बसून राहिलो. मग बारा दिवस दुसरं काम घेतलं नाही. दादाला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं केलं, ओळींमधली जागा वाढवली, पानं पुन्हा लावली. तीनशे पानांचं प्रूफ झालं. ते कापडात बांधून मी बडनेऱ्याला उतरलो, तिथून दादाच्या घरी जायला भातकुलीची गाडी धरली.

दार पुतणीनं उघडलं, ती अमरावतीहून आलेली होती. तिच्या तोंडावरून मला कळलं. रविवारी डोळा दुखायला लागला, अमरावतीला नेईपर्यंत दाब एवढा वाढला की उरलेलं होतं तेही गेलं. चार दिवस झाले होते. मला कळवलं नव्हतं. का कळवलं नाही, हे मी विचारलं नाही.

दादा खाटेवर बसला होता. मी त्याच्या मांडीवर प्रूफ ठेवलं. त्यानं गाठ सोडली, वरचं पान दोन्ही हातांनी धरलं अन् अंगठा त्यावरून फिरवला. मग पान उलटून मागच्या बाजूनं फिरवला. आमच्या खिळ्यांच्या काळात जे छापायचं त्याचा दाब कागदाच्या पाठीवर उमटायचा, बोटाला अक्षर लागायचं. त्याच्या पहिल्या गाण्याचा कागद मीच खिळ्यांवर छापून दिला होता, अन् तो तेव्हा असाच मागून बोट फिरवत बसला होता.

"काईच लागत नाई रे," तो म्हणाला.

"आता तसं नसते दादा."

"खिळे हायेत का तुह्याजवळ?"

"नाई."

त्यानं पान पुन्हा सरळ केलं. मग म्हणाला, "मले मालूम होतं बरं. पोरीनं सांगतलं होतं मले, पावसाळ्यातच. काकाजीनं चौसष्ट टाकली असंल, म्हने. ती तवाच येऊन राहिली होती तुह्याकडे. मीच म्हटलं, थांब."

"कावून?"

"म्हटलं, बापानं त्याले चौथीवर थांबवलं अन् मी पुढं गेलो. एवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ दे. समजंल त्याचं त्याले." त्यानं अंगठा अजून पानावरच ठेवला होता. "मले वाटलं, तवर दिसंल."

लोक म्हणतील, भावाचं प्रेम पाहा. मला तसं वाटलं नाही. मला राग आला, अन् तो अजून गेलेला नाही. पाच महिने मी त्याच्याशी खोटं बोलत होतो अन् तो ते ऐकून घेत होता. माझी चूकसुद्धा मला त्यानं दिली होती, मोठ्यानं लहान्याला द्यावी तशी. त्याच्या डोळ्यांतून काढून. अन् मी ती घेतली. मला माझ्या हिमतीवर चुकूही दिलं नाही. तो एकदा फोनवर ओरडला असता, "येड्या, बत्तीस टाक," तर मी आठ दिवस रुसलो असतो अन् नवव्या दिवशी टाकली असती. पण हे त्याला कसं म्हणणार? त्याच्यासमोर मी 'दुकानवाल्यानं टाकलं' असं बोललो होतो, अन् तो स्टुलावर बसून ऐकत होता.

"वाच," दादा म्हणाला.

"मी?"

"मंग कोन? माह्यं पुस्तक तपासल्याबिगर छापाले जात नाई."

मी वाचायला लागलो. मी मोठ्यानं कधी वाचत नाही. खिळ्यांचं वाचणं मनातल्या मनात असतं, एकेक अक्षर, अन् मी तसंच वाचतो. चौथीतल्या पोरासारखा अडखळत होतो. पुतणी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी वाचू का काकाजी?" दादा म्हणाला, "नाई. त्यालेच वाचू दे." पहिल्या गाण्यात त्यानं मला तीन ठिकाणी थांबवलं. दोन ठिकाणी माझं बरोबर होतं, तिसऱ्या ठिकाणी वहीतलं त्याचं अक्षर मला लागलं नव्हतं अन् मी माझ्या मनानं शब्द घातला होता. दोन वर्षं तो चुकीचा शब्द त्या फाइलीत बसून होता. मी लाल पेनानं दुरुस्त केला.

सगळं तपासून व्हायला पूर्ण हिवाळा गेला. मी दर रविवारी जात होतो. पुस्तक जयंतीला निघालं, लोकांनी हार घातले. दादानं एक प्रत मांडीवर घेतली अन् उघडली नाही.

आता पुतणी सांगते की सिस्टीमची नवी आवृत्ती बत्तीसमध्ये येतच नाही, फक्त चौसष्ट. माझी मशीन आहे तोवर आहे. ती गेली की कांडी गेली, अन् ती अक्षरं गेली. "तवा मले फोन कराल ना?" ती विचारते. मी कांडीचा दोरा तपासतो.

रविवारी मी अजून भातकुलीला जातो. पुस्तक छापून झालं तरी दादा वाचायला लावतो, पहिल्या पानापासून. मी अडखळलो की तो पुढचा शब्द सांगत नाही. हात वर करून थांबतो, मला तो लागेपर्यंत.